हिरव्या बाणाचा खांब

मित्रांनो, जरा सावकाश या. मी एक जुना खांब आहे, आणि बुंध्याशी ओल मुरल्यामुळे हल्ली एका अंगावर कललोय. डोंगरात जिथे खडीचा एक रस्ता तीन दिशांना फुटतो, तिथे मी उभा असतो. बसायची सोय असती, तर केव्हाच बसलो असतो.

खांब होण्याआधी मी एका गोठ्याची तुळई होतो. तिथली एक गाय अशी घोरायची की अख्खं छप्पर हातभर वर उचललं जायचं आणि परत खाली यायचं. एकदा ते वर गेलं आणि खाली आलंच नाही. खोटं वाटतंय? वाटू द्या. तेव्हा तिथे मी होतो, तुम्ही नव्हता.

छप्पर गेलं, मी तेवढा उरलो. मला उचलून आणलं ते ताईनं. खालच्या गावात तिचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, आणि तिच्याहून वयानं मोठी माणसंसुद्धा तिला ताईच म्हणायची. तिनं स्वतः खड्डा खणला, मला उभं केलं, भोवती दगड ठोकून बसवले आणि माझ्या अंगावर तीन बाण खिळले. एक ओढ्याच्या काठानं जाणाऱ्या रस्त्याकडे, दुसरा खिंडीकडे, तिसरा पार माथ्याकडे. तिन्ही रस्ते खडीचे आणि मुरमाचे, डांबर नावालाही नाही. जाड टायरच्या सायकली घेऊन लोक यायचे, आणि कुणाला कोणता रस्ता झेपेल हे माझ्या बाणांच्या रंगावरून ठरवायचे.

रंग द्यायची ताईची रीत मोठी मजेची होती. आधी त्या रस्त्यानं ती स्वतः सायकल मारायची. चढावर गाणं म्हणता आलं, तर बाण हिरवा. गाणं सुटलं पण गप्पा चालू राहिल्या, तर निळा. आणि तोंडातून नुसत्या शिव्याच निघाल्या, तर लाल.

"चढ मोजायला यंत्रं निघालीत आता," कुणी म्हणायचं.

"असतील," ताई म्हणायची. "पण यंत्राला धाप लागते का?"

तेव्हा ओढ्याचा बाण हिरवा होता, खिंडीचा निळा, माथ्याचा लाल. लाल बाणाला टेकून फोटो काढायचे आणि इकडे तिकडे बघत हळूच हिरव्या रस्त्याला लागायचे, असे शूरवीर मी पुष्कळ पाहिले. एकदा तर असा वारा सुटला की माझे बाण गरगर फिरायला लागले. त्यांच्यामागे एक सायकलस्वारही फिरला, इतका की शेवटी त्यानं स्वतःच्याच पाठीला "बाजू द्या" म्हणून सांगितलं.

पण माझा जीव खरा रमायचा तो हिरव्या रस्त्याच्या मंडळींत. नवा गुडघा बसवलेली एक टपालवाली यायची. जाताना माझ्या अंगावर थाप मारून म्हणायची, "तू आहेस म्हणून मी इथवर येते रे बाबा." एक बसड्रायव्हर आणि त्याची बायको जोडसायकलवर यायची. तो पुढे, ती मागे. तिचे पाय विश्रांतीला आणि तोंड कामाला.

"अहो, गिअर बदला!"

"बदललाय."

"मग चालवणारा बदला!"

असे ते दिवस होते. दरवर्षी पावसाळा सरला की ताई डबे आणि कुंचले घेऊन यायची, तिन्ही रस्ते फिरून बघायची आणि मला ताजा रंग द्यायची.

मग एका वर्षी ती खिंडीतून परतली ती घामानं निथळत. "पावसानं चढ वाढवलाय," म्हणाली आणि निळ्यावर लाल फासला. पुढे कधीतरी ओढ्याच्या रस्त्यावरही तिचं गाणं सुटलं आणि हिरव्यावर निळा चढला. त्यानंतर त्या निळ्यावरही लाल. डोंगर जिथल्या तिथे होता, मित्रांनो. मी रोज त्याच्याकडे बघत होतो. पण खांबाला बाण असतात, तोंड नसतं.

तीन बाण आणि तिन्ही लाल. टपालवाली आली, बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली आणि परत फिरली. ड्रायव्हरची बायको म्हणाली, "चला, आपलं वय झालं," आणि त्यानंतर तिच्या तोंडून एक शब्द निघाला नाही. मला ते फार लागलं. ओढ्याच्या रस्त्यावर गवत माजलं. वर जाणारे दांडगे गडी मला टेकून मळके बूट झटकायचे आणि निघून जायचे. थकवा म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. तो वजनाचा नसतो, नुसत्या उभं राहण्याचा असतो.

गेल्या पावसाळ्यानंतर ताई रंगवायला आली, तेव्हा सोबत तिचा धाकटा भाऊ आणि भावजय होती. भाऊ बेकरीवाला. त्याच्या छातीचं ऑपरेशन झालं होतं, आणि भावजयीनं त्याची सायकल माळ्यावर टाकली होती. त्या दिवशी तेवढी हट्टानं खाली काढून त्यानं सोबत आणली होती. डॉक्टर म्हणाले होते, चालवू दे, पण अगदी सोप्या रस्त्यानं.

"वन्सं, एक हिरवा बाण दाखवा," भावजय कमरेवर हात ठेवून म्हणाली. "मी गप्प बसते. नाहीतर सायकल उद्याच विकते."

ताईनं माझ्याकडे पाहिलं. दाखवणार काय?

"ओढ्याचा रस्ता हिरवा होता की," भाऊ म्हणाला.

"होता. आता चढलाय."

"रस्ता कसा चढेल गं ताई?"

"मग मी काय खोटं रंगवते?"

त्यानं खिशातून किल्ली काढली आणि माझा बाण खरवडला. मला गुदगुल्याही झाल्या आणि दुखलंही. लालाखाली निळा निघाला, निळ्याखाली हिरवा.

"एकदा जाऊन बघू," तो म्हणाला. "दम लागला तर मीच सायकल विकतो, बस?"

दोघं निघाली. भाऊ पुढे, बेताबेतानं, बेकरीतल्या भट्टीसमोर गायचा तसलं भसाड्या आवाजातलं गाणं म्हणत. सूर कुठल्या कुठे, पण खंड नाही. ताई मागे. मला दिसतं त्या पहिल्या वळणापर्यंत तो गातच गेला. ताई मात्र वळणाच्या अलीकडेच उतरली, सायकल आडवी टाकली आणि गुडघ्यांवर हात टेकून उभी राहिली. भाऊ मागे वळला.

दोघं सायकली ढकलत परत आली.

"खोकला झालाय जरा," ताई म्हणाली.

"कधीपासून?" भावजयीनं विचारलं. आता कमरेवरचे हात खाली आले होते.

ताई माझ्या बुंध्याशी बसली, पाठ मला टेकली. तिचा श्वास माझ्या लाकडाला लागत होता, फाटक्या भात्यासारखा. म्हणाली, "मला खरंच वाटलं, रस्ताच वर चाललाय."

"वाटणारच," भाऊ म्हणाला. "आम्ही सगळे तुझ्याच दमानं मोजत आलो ना."

तिनं हिरव्या रंगाचा डबा ओढला. किती वर्षांत उघडलाच नव्हता. वर जाड साय धरली होती. ती स्क्रू-ड्रायव्हरनं फोडताना तिचा हात थांबला.

"हा हिरवा केला, म्हणजे मला सोपा रस्तासुद्धा जमत नाही. मग मी कुठल्या रस्त्यानं जायचं?"

माझ्या अंगावर तीन बाण, पण तिला दाखवायला एकही नाही. मित्रांनो, असा नालायक मी आयुष्यात कधी झालो नव्हतो.

"आधी डॉक्टरकडे," भावजय तिच्याशेजारी बसत म्हणाली. "तो रस्ता मला पाठ आहे वन्सं. सपाट आहे. मी नेते."

ताई हसली, मग खोकली, मग डोळे पुसले. आणि उठून तिनं ओढ्याचा बाण हिरवा केला. नेहमीपेक्षा सावकाश, कडेकोपऱ्यांसकट. त्यानंतर निळा कुंचला घेऊन खिंडीचाही.

आता टपालवाली पुन्हा येते. जोडसायकलवर भांडण सुरू झालंय. भाऊ आठवड्याला एक फेरी मारतो. ताईचं औषधपाणी चालू आहे. फुप्फुसं जुनीच राहणार म्हणतात, पण येते अधूनमधून. थोडी चालवते, थोडी ढकलते, वळणावरच्या दगडावर टेकते.

माझं काही फार उरलेलं नाही. बुंधा पोकळ झालाय. एखादा जोराचा वारा पुरे. म्हणून एवढंच मागतो. सायकल माझ्यावर आदळू नका, हळू टेकवा. हिरव्या बाणाला हसू नका. आणि त्या रस्त्यावर पिकल्या केसांची एक बाई सायकल ढकलत अगदी मधोमध चाललेली दिसली, तर मागून घंटी वाजवू नका. उतरा आणि तिच्या मागे मागे चाला.