अनुश्रीला मिळाले पैकीच्या पैकी

श्यामकांतसाहेबांच्या केबिनमध्ये फाईल न्यायची म्हटलं की आमच्या विद्यापीठात भल्याभल्यांच्या तोंडचं पाणी पळायचं. साहेब उपकुलसचिव. शिवी कधी देत नसत. चार लोकांदेखत अक्कल काढत. त्यांचे तीन सहायक बदली मागून पळाले, तेव्हा वरून एक फॉर्म आला. कर्मचाऱ्यांच्या मनाचा चिवटपणा तपासायचा होता म्हणे.

आमचे लोक पोचलेले. फॉर्म कशासाठी, हे सगळ्यांनी ओळखलं. मिशीला पीळ देणाऱ्या नत्थूनेसुद्धा ‘मला पटकन रडू येते’ यावर खूण केली. मीही केली. मी वनमाला, हेडक्लार्क, जिच्या जिभेला अख्खा मजला भितो! खरं लिहिलं ते एकट्या अनुश्रीने. तिला पैकीच्या पैकी मिळाले, आणि तिलाच साहेबांची सहायक नेमायचा कागद माझ्याकडे सहीला आला. खोटं कशाला बोलू, मला हायसं वाटलं.

संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर नवा रायपूरहून शहरात परतणाऱ्या स्टाफबसमध्ये ती माझ्या शेजारी बसली. आमचा उतरायचा बूढापारा जवळ आला तरी ती खिडकीबाहेरच बघत होती.

"काहून एवढी चूप? तुले काय होते, तू तर चिवट पोट्टी हायस," मी म्हटलं.

"दीदी, पडल्यावर उठता का, असं विचारलं होतं. मी हव लिहिलं. मले पाडा म्हणून कुठं लिहिलं होतं?"

मला माझीच लाज वाटली. चिवट माणसाला दुखत नाही, हे आम्ही आमच्या सोयीने ठरवून टाकलं होतं.

सकाळी मी सही केली नाही. उलट त्या कागदावर लिहिलं, ‘साहेबांकडे यापुढे कोणी एकटे जाणार नाही. दोघे जातील.’ तो साहेबांना द्यायला निघाले आणि सोबत कोण येतं म्हणून मागे वळून पाहिलं. नत्थू पंखा बघत होता. उठली ती अनुश्रीच.

"तू बस. तुलेच वाचवून राहिली ना मी!"

"माहीत हाय, दीदी. चला."

साहेब ओरडले. माझ्या वयाचाही मुलाहिजा ठेवला नाही. मी कागद मागे घेतला नाही.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "लागलं का गं?"

"हव. दरवेळीच लागते," ती म्हणाली, आणि सगळ्यांसमोर हुंदके देऊन रडली. मी तिला पोटाशी धरलं, मनसोक्त रडू दिलं.

पुढची फाईल मी आणि नत्थूने नेली.