कुडूचे काळीज

शाक्वा म्हातारपणाने गेला, असे आमच्या तळावर सगळे म्हणतात. मला ते मान्य नाही. म्हातारपणाने माणूस वाकतो, थकतो, नावे विसरतो. परंतु पोटात भूक असताना तोंड मिटून घेणे हे म्हातारपणाचे काम नव्हे. तो निर्णय होता. तो शाक्वाने घेतला, आणि घ्यायला लावला मी, त्याच्या जावयाने.

त्याचा शेवटचा दात त्या वर्षीच्या कोरड्या दिवसांत पडला. तेव्हापासून त्याला जगवले ते त्याच्या मुलीने, म्हणजे माझ्या बायकोने. अबेयाकडे दोन दगड होते: एक खाली ठेवायचा, पसरट, वापराने मधोमध खोलगट झालेला, दुसरा मुठीत मावेल असा ओढ्यातला गोटा. गोरखचिंचेच्या बिया ती त्यांवर कुटत असे, आणि आता बापासाठी मांसही. मांस विस्तवावर नुसते शेकायचे, मग धाग्यांच्या आडवे ठेचायचे, उलटायचे, पुन्हा ठेचायचे. नळीच्या हाडाचे काम याहून नाजूक. त्यावरचा पातळ पापुद्रा आधी दगडाच्या कपचीने खरवडून काढावा लागतो. तो राहिला तर गोटा घसरतो, हाड एका घावात फुटत नाही आणि किरच्या मज्जेत मिसळतात. बिनदाताच्या माणसाला किरच कळते ती घशात उतरल्यावरच.

"पापुद्रा राहिलाय," म्हातारा पाठ करून बसला असला तरी ओरडायचा.

"नाही राहिलेला, बाबा."

"मला आवाजावरून कळतं. दात गेलेत, कान नाही गेले."

"मग कानांनी चाव!" अबेया म्हणायची, आणि पुन्हा खरवडायची.

पाऊस लांबलेला होता. कंद खोल गेले होते आणि मधाची पोळी कोरडी निघत होती. अशा वेळी माझ्या बाणाने एक कुडू, पिळदार शिंगांचे ते थोराड हरीण, पडला. तळावर आनंद झाला. मीही छाती काढून हिंडलो, हे लपवत नाही. मोठे जनावर पडले की त्याचे काळीज, गुरदे, मानेचे मांस हे एपेमे होते, म्हणजे जाणत्या पुरुषांचा वाटा. तो बायकांच्या नजरेआड, खडकामागे बसून खायचा. बाईचा हात त्याला लागला तर तिला किंवा तिच्या माणसांना मरण गाठते. हे मी स्वतः किती मानतो, हा प्रश्न येथे गैरलागू आहे. शाक्वा मानत होता. अबेयाही मानत होती.

खडकामागे सर्वांत थोर म्हणून काळजाचा पहिला तुकडा शाक्वाला मिळाला. त्याने तो या गालातून त्या गालात फिरवला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत फिरवला, आणि कोणी पाहत नाही असे समजून तळहातावर काढून ठेवला. मी पाहिले. जवळचा एक दगड उचलून मी तो तुकडा ठेचायला बसलो.

"काय रे बागायो," मदुरू म्हणाला. तो माझ्याच वयाचा, माझ्याहून चांगला नेमबाज आणि त्याहून चांगला टवाळ. "कुटायला बसलास? उद्या खणायची काठी घे आणि जा बायकांबरोबर कंद काढायला. लेकरू झालं की त्याला दूधही पाजशील ना?"

सगळे हसले. शाक्वासुद्धा हसला, कारण विनोद खरोखर चांगला होता. मी दगड खाली ठेवला.

पुढचे सर्व त्या ठेवलेल्या दगडातून निघाले. हसणारे दुष्ट नव्हते. मी पुढे ठेचत राहिलो असतो तर संध्याकाळपर्यंत ते दुसऱ्या कोणाला तरी हसले असते. एवढे साधे गणित मला त्या क्षणी सुटले नाही.

दोन दिवसांत तळावरचे मांस संपले. उरल्या त्या खडकामागे वाळत घातलेल्या काळजाच्या पट्ट्या. शाक्वाच्या वाट्याच्या दोन मी घेतल्या, बाहेरून काळ्या होईपर्यंत भाजल्या आणि अबेयासमोर टाकल्या.

"मांडीचं आहे. बाजूला ठेवलं होतं. बाबांसाठी कूट."

कुडूचे काळीज तिने आयुष्यात हाताळले नव्हते. ती ते कशावरून ओळखणार? तिने ते मन लावून ठेचले, वाटीभर मऊ लगदा केला आणि बापासमोर धरला. त्याने एक बोट भरून घेतले. जीभ एकदाच हलली. मग त्याने माझ्याकडे पाहिले.

"पोट भरलं," तो म्हणाला.

"सकाळपासून काही खाल्लं नाहीस, बाबा!"

"भरलं म्हटलं ना."

अबेया पाण्याला गेल्यावर त्याने मला जवळ बोलावले. "जावई, मांडीचं मांस कुटलं की त्याचे धागे सुटतात. याचे सुटले नाहीत. ते काळीज होतं."

मी वाटी बाजूला सरकवली.

"तुझं डोकं आहे की पोकळ गोरखचिंच? माझ्या पोरीच्या हातून कुटवलंस?"

"तिला माहीत नाही, बाबा. तिचा दगड मी दरीत टाकून देतो."

"दगड टाकशील. हात कुठे टाकशील?"

"मग यापुढे मी कुटून देतो. हसू देत त्या मदुरूला."

"आता?" तो म्हणाला. "आता तिच्या हातचं नको आणि तुझ्या हातचं चालतं, असं झालं तर ती विचारेल का म्हणून. काय सांगशील? एपेमेला हात लावलास, हे सांगशील? उद्या तळावर कोणाला साधा ताप आला तरी ती रात्रंदिवस स्वतःचे हात बघत बसेल."

मी पुष्कळ वाद घातला. वाद घालणे हे एक काम मला बरे जमते. ती अजाण होती, दोष सांगणाऱ्याचा, करणाऱ्याचा नव्हे, असे मी नाना परींनी मांडले. त्याने सर्व ऐकून घेतले आणि म्हणाला, "तू बरोबर असशील. पण मी खाणार नाही."

त्यानंतर त्याने कोणाच्याच हातचे कुटलेले घेतले नाही. पाणी घेई. मी बोटभर मध आणला की चाटी, पण तोही त्या दिवसांत क्वचितच मिळे. भूक मेली, एवढेच तो सांगायचा. अबेयाने ते खरे मानले नाही. ओढ्यावर जाऊन तिने नवा गोटा शोधून आणला. मी मारलेल्या डिकडिकची, सशाएवढ्या त्या हरणाची, इवली हाडे तिने इतकी खरवडली की ती पांढरी चकचकीत झाली. मज्जा बोटाने चाचपून, जिभेवर घोळवून, एकही किरच नाही अशी खात्री करून तिने ती बापापुढे धरली.

"बघ तरी, बाबा. पापुद्रा नाही राहिला. ऐकलंस ना आवाज?"

"ऐकला," तो म्हणाला. "छान होता." आणि तोंड फिरवले.

तो गेला तेव्हा उचलताना त्याचे ओझे जाणवलेसुद्धा नाही. रीतीप्रमाणे आम्ही तळ हलवला. मदुरूने म्हाताऱ्याचे धनुष्य स्वतः वाहिले आणि वाटभर कोणाची टवाळी केली नाही. त्या एका वाक्यातून काय झाले हे मी त्याला कधी सांगितले नाही. सांगण्यासारखा त्याचा दोषही नव्हता.

पुढे आमच्या घरात मुले झाली, धडधाकट दातांची. तरीही अबेया त्यांचे मांस पिठासारखे होईपर्यंत ठेचत बसे. "आई, चावायला काहीतरी ठेव!" म्हणून मुले कुरकुरत. ती हसत नसे. आणि वर्षातून एकदोनदा, हातातले काम न थांबवता, ती मला विचारी.

"बारीक नव्हतं का रे झालं?"

खरे सांगितले असते तर तिच्या कुटण्यावरचा ठपका पुसला गेला असता आणि त्याहून जड असा दुसरा बसला असता. हे दोन्ही मी प्रत्येक वेळी तोलून पाहिले. तोलताना माझी स्वतःची लाजही त्यात घातली जाते, हे मला कळत होते.

"बारीक होतं," मी म्हणायचो.

"मग का नाही खाल्लं त्याने?"

याचे उत्तर मी तिला दिले नाही. ती गेल्याला आता दोन पावसाळे झाले.