साडेपंचेचाळीस इंचांवरून

मित्रांनो, मी एक जुनी टेप आहे. गाण्यांची नव्हे हं, मापाची; शिंपी गळ्यात अडकवतात ती. माझ्या एका बाजूला साठ इंच आहेत, दुसऱ्या बाजूला दीडशे सेंटिमीटर, आणि दोन्ही टोकांना पितळेच्या पट्ट्या. पिवळा रंग केव्हाच उडाला. सात आणि आठ हे आकडे तर पुसल्यातच जमा आहेत. तरी आज मी थोडी बढाई मारणार आहे. मारली तरी साठ इंचांच्या आत राहीन, काळजी नसावी.

कारखान्यात माझ्यावर आकडे छापले गेले आणि बारा बहिणींसोबत मी एका दुकानात येऊन पडले. तिथून मला एका शिवणकाम करणाऱ्या बाईंनी घेतलं. त्या शाळेचे गणवेश शिवत. शाळा उघडायच्या आधी त्यांच्या पुढच्या खोलीत मुलांची ही रांग लागे! मापाला उभं राहिलं की पोरं छाती फुगवत, टाचा उचलत. मग त्या म्हणत, "अरे, तुला काय सैन्यात घ्यायचंय? रोज उभा राहतोस तसा उभा राहा." आपल्या मुलीलाही त्यांनी हेच शिकवलं होतं. मूल जसं उभं आहे तसं माप घ्यायचं, आपल्याला हवं तसं नाही. मुलगी शिवणयंत्राशेजारी बसून वहीत आकडे उतरवत असे.

पुढे आईची नजर अधू झाली, यंत्र कापडाने झाकलं गेलं आणि मी खिळ्याला लटकले. दोन वर्षं कुणी माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. शेजारी एक पाल होती, पण तिलाही गप्पांची आवड नव्हती. एकदा मुलगी कामाला निघाली असताना आईने मला खिळ्यावरून काढलं आणि तिच्या पिशवीत टाकलं.

"माझ्या कामात टेप कशाला, आई?"

"तुझं काम पोरांशीच आहे ना? मग लागेल."

मुलगी आता शिक्षण खात्यात मोठी अधिकारी झाली होती. सगळे तिला बाई म्हणत, म्हणून मीही बाईच म्हणते. सरकारी शाळेत एखादं मोठं माणूस मुलाला नको तसा स्पर्श करतं, नको तसं वागतं, अशी तक्रार आली की बाई तिची चौकशी करत. हे कळल्यावर मी पिशवीत अंग चोरून बसले. छाती, कंबर, बाही मोजणारी मी, मला यात काय कळणार?

पण मी ऐकत गेले आणि थक्क होत गेले. बाई मुलाच्या खुर्चीएवढ्याच बुटक्या खुर्चीवर बसत आणि म्हणत, "मला काहीच माहीत नाही. तू सांगशील तेवढंच मला कळेल." मग त्या गप्प राहत. मूल बोलेपर्यंत गप्प. त्यांनी मुलाच्या तोंडात एक शब्दही कधी घातला नाही. ज्याच्यावर आरोप असे त्याचंही त्या तितक्याच शांतपणे ऐकून घेत. एका निर्दोष शिक्षकाच्या नावावरचा डाग त्यांनीच चिकाटीने पुसला होता. इतकं नीट ऐकणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

आता मुख्य गोष्ट सांगते. चौथीतली एक मुलगी होती. चित्रकलेच्या सरांनी आपल्याला वरच्या मजल्यावर नकाशांच्या खोलीत नेलं, असं तिने आईला सांगितलं होतं. सरांनी लिहून दिलं की त्या खोलीत मुलं कधी येतच नाहीत. मुख्याध्यापक आणि दोन जुन्या शिक्षकांनी आधी चौकशी केली आणि निकाल दिला, की मुलगी कल्पनेत रमणारी आहे, तिचं बोलणं भरवशाचं नाही. सोमवारपासून सर पुन्हा वर्गावर येणार होते. मुलगी मात्र शाळेचं नाव काढलं की दाराची कडी घट्ट धरून उभी राहत असे. म्हणून तिच्या आईने थेट बाईंचं कार्यालय गाठलं.

मुलगी जमिनीकडे बघत बोलली. त्या खोलीत काय झालं ते मी सांगणार नाही. ते तिचं आहे, आणि बाईंच्या कपाटात कुलपात आहे. शेवटी बाईंनी विचारलं, "तेव्हा तू कुठे बघत होतीस?"

"खिडकीतून. समोरच्या टाकीने लाल टोपी घातली होती. मी तिच्याकडेच बघत राहिले."

तिची आई कसनुशी झाली. "हेच ऐकून शाळेतले ते तिघं हसले, बाई. टाकी कधी टोपी घालते का, म्हणाले."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी मला पिशवीतून काढलं आणि टेबलावर ठेवलं. "तुझी उंची हवी आहे, डोळ्यांपर्यंतची. तूच मोज. मी हात लावणार नाही."

मुलीने बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. मग माझं एक टोक तिने बुटाखाली दाबलं आणि दुसरं आपल्या हाताने वर ओढलं. आधी तिने टाचा उचलल्या होत्या. बाई हळूच म्हणाल्या, "रोज उभी राहतेस तशी." मित्रांनो, इतक्या वर्षांनी ते शब्द ऐकून मी शहारले. मुलीने टाचा टेकवल्या. तिच्या आईने आकडा वाचला, "सेहेचाळीस." कुणाची सावली पडली तरी दचकणारी ती पोर मला मात्र घट्ट धरून उभी होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही नकाशांच्या खोलीत गेलो. मुख्याध्यापक होते, किल्ल्या घेऊन शिपाईमामा होते.

"बाई, आम्ही तिघं इथेच उभं राहून बघून गेलो," मुख्याध्यापक म्हणाले. "इथून टाकीच दिसत नाही, मग टोपी कुठली दिसणार?"

खरं होतं. खिडकीवर पत्र्याचा उतरता छज्जा होता. उभं राहिलं की त्या पत्र्याखालून समोरच्या इमारतीची नुसती भिंत दिसे. बाईंनी वाद घातला नाही. मुलीने सांगितलेल्या जागी, कपाटापाशी, त्यांनी माझं टोक जमिनीला टेकवलं. त्या दिवसाला चार महिने झाले होते, तेवढ्यात पोर अर्धा इंच तरी वाढली असेल, म्हणून साडेपंचेचाळीसवर कपाटाला खडूने रेघ मारली. मग त्या गुडघ्यांवर बसल्या आणि रेघेपाशी डोळे नेले.

तिथून त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. मग मुख्याध्यापकांना म्हणाल्या, "सर, जरा खाली येता का?"

"माझे गुडघे दुखतात हो."

"माझेही दुखतात."

कपाटाचा आधार घेत, कण्हत, मुख्याध्यापक खाली आले. खाली वाकलं की पत्र्याच्या कडेखालून वरचं दिसत होतं! समोरची गच्ची, तिच्यावर काळी टाकी, आणि टाकीच्या डोक्यावर पालथी घातलेली लाल बादली.

"ती मीच ठेवलीय, साहेब," दारातून शिपाईमामा म्हणाले. "झाकण फुटलं, पाला पडायचा पाण्यात. पाच महिने झाले. कठड्यामुळे खालून कुणाला दिसत नाही, आणि त्या बाजूला दुसरी खिडकीच नाही. मला कुणी विचारलंच नाही."

मुख्याध्यापक उठले नाहीत. तिथेच बसून राहिले. "टोपीच आहे हो ती," ते म्हणाले, आणि थोड्या वेळाने, "त्या निकालावर मी सही केली होती, बाई." मला त्यांचा राग आला होता, पण त्या क्षणी वाईटही वाटलं.

बाईंनी वहीत लिहिलं, की एका बादलीने सगळं सिद्ध होत नाही. मुलगी या खोलीत आली होती आणि तिने पाहिलं तेच सांगितलं, एवढं सिद्ध होतं. पण तेवढ्याने दार उघडलं. सोमवारी सर वर्गावर आले नाहीत. आठवड्यात आणखी दोन मुली बोलल्या. प्रकरण पोलिसांकडे गेलं, मग कोर्टात. तिथे सरांच्या वकिलाने मला दोन बोटांत उचलून विचारलं, "कापडी टेप जुनी झाली की ताणली जाते. हिच्यावर भरवसा ठेवायचा?" बाईंनी वही पुढे केली. दर महिन्याला त्या मला पोलादी पट्टीशी लावून तपासत आणि तारीख टाकत. वकिलाने मला अलगद खाली ठेवलं. सरांना शिक्षा झाली.

ती मुलगी पुन्हा शाळेत जाऊ लागली. पहिल्या दिवशी फाटकापाशी शिपाईमामांनी तिला सांगितलं, "टाकीला नवं झाकण आलंय, पण टोपी मी काढली नाही बरं का." ती हसली, आणि मग आत गेली.

मित्रांनो, आता मी म्हातारी झाले. मला जपा, उन्हात टाकू नका, असं सांगायची रीत आहे, पण माझं जाऊ द्या. तुमच्या उंचीवरून जे दिसतं ते मोठ्यांना दिसत नाही. म्हणून टाकीने टोपी घातलेली दिसली, तर टोपी घातली होती असंच सांगा. कुणी हसलं, तर दुसऱ्याला सांगा, तिसऱ्याला सांगा. तुमच्यासाठी गुडघे टेकणारं माणूस मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.