थाओची निळी गाडी

मित्रांनो, मी एक निळी स्कूटर आहे. जुनी म्हणावं इतकं काही माझं वय नाही. पण मध्यंतरी मी बराच काळ एका जागी उभी होते, आणि उभी राहिलेली गाडी पळणाऱ्या गाडीपेक्षा लवकर म्हातारी होते. माझ्या पुढच्या पत्र्यावर गंजाचे ठिपके आहेत. सीटला उंदराने कुरतडलेलं भोक आहे. तरीही मी अजून रस्त्यावर आहे. ते कुणामुळे, हे तुम्हाला सांगते.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. एका लांबलचक शेडमध्ये कुणी मला चाकं लावली, कुणी इंजिन बसवलं, आणि शेवटी एका मुलीने माझ्या तोंडावरून मऊ फडकं फिरवलं. मग ट्रकमध्ये दाटीवाटीने उभ्या राहून आम्ही पुष्कळ जणी कोल्हापूरला आलो. शोरूमच्या काचेमागे मी कितीतरी दिवस उभी होते. दसऱ्याला माझ्या शेजारच्या दोघी गळ्यात हार घालून गेल्या, मी मात्र तिथेच राहिले.

दसऱ्यानंतर एक दिवस तीन माणसं आली. एक होता प्रसेनजीत. तो गडमुडशिंगीचा, जवळच्या फाउंड्रीत नोकरीला. त्याच्याबरोबर त्याची आई मीनाबाई होत्या, पदर घट्ट ओढून घेतलेल्या, कपाळाला आठी. आणि तिसरी होती थाओ, प्रसेनजीतची बायको. ती व्हिएतनामची. प्रसेनजीत तिकडे एका कारखान्यात यंत्रं बसवायला गेला होता, तिथे दोघांची ओळख झाली, लग्न झालं आणि ती त्याच्याबरोबर इथे आली. गडमुडशिंगीच्या लोकांना तिचं नाव नीट घेता येत नसे. सगळे तिला ‘ठाव’ म्हणत.

विकणारा माणूस प्रसेनजीतला म्हणाला, “पावणं, वहिनींना झेपंल का गाडी? आधी कधी चालीवलीया?”

थाओला थोडंथोडं मराठी येत होतं. “कॉलेजपासून चालवतो,” ती म्हणाली. मीनाबाई ‘येतो, जातो’ असंच बोलायच्या, त्यामुळे तीही तसंच शिकली होती. तिने मला स्टँडवरून उतरवलं आणि दाटीने लावलेल्या गाड्यांच्या मधून, कुठेही धक्का न लावता, गर्रकन वळवून पुन्हा जागेवर आणलं. तो माणूस कागद काढायला वळला.

खरं तर थाओला लाल गाडी हवी होती. तिच्या देशात लाल रंग शुभ मानतात. पण मीनाबाई मुलाला म्हणाल्या, “निळीच घे. आपल्या घराला निळीच शोभती.” सून शेजारी उभी असली तरी त्या तिच्याशी बोलत नव्हत्या. लग्न मुलाने परस्पर केलं, याचा राग त्यांच्या मनातून गेला नव्हता. थाओने लाल गाडीकडे थोडा वेळ पाहिलं आणि मग माझ्या हँडलवर हात ठेवला. तिला हवी होती ती मी नव्हते, हे कळून मला वाईट वाटलं. पण तिने पुन्हा कधी त्या लाल गाडीचं नाव काढलं नाही.

तिला माझी किती गरज होती ते मला पुढे कळलं. आपल्या गावी ती बाजार, पोस्ट, दवाखाना, सगळं स्वतः गाडीवर करायची. इथे परक्या मुलखात साधी कोथिंबीर आणायची तरी प्रसेनजीतची शिफ्ट सुटायची वाट बघावी लागे.

आमची पहिलीच फेरी फसली. प्रसेनजीतला शिफ्ट गाठायची होती, तो त्याच्या मोटारसायकलवर पुढे गेला. मीनाबाई नाइलाजाने माझ्यावर मागे बसल्या. थाओने मला शोरूमच्या बाहेर काढलं ते थेट रस्त्याच्या उजव्या बाजूला, कारण तिच्या देशात वाहनं उजवीकडून चालतात. समोरून उसाचा ट्रॅक्टर आला.

“अगं डावीकडं घे! डावीकडं!” मीनाबाई ओरडल्या.

थाओला ‘डावीकडं’ म्हणजे काय ते माहीत नव्हतं. शेवटी मीनाबाईंनी तिच्या डाव्या खांद्यावर जोरात चापट मारली. त्यासरशी तिने मला डावीकडे वळवलं आणि ट्रॅक्टर शेजारून खडखडत निघून गेला. आम्ही कडेला थांबलो.

“मी चालत जातो, पण हिच्या मागं बसत न्हाय,” असं म्हणून मीनाबाई उतरल्या आणि चालू लागल्या. ऊन कडक होतं. थाओ मला ढकलत त्यांच्या मागून मुकाट्याने चालत राहिली. बरंच अंतर गेल्यावर मीनाबाई थांबल्या. मागे वळून आल्या, पुन्हा सीटवर बसल्या आणि सुनेच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, “ह्यो डावा. ध्येनात ठेव.”

सुनेशी त्या सरळ बोलल्या, ते हे पहिलं वाक्य.

त्यानंतरची वर्षं माझ्या सुखाची होती. दळणाचा डबा पुढे पायांपाशी, भाजीची पिशवी हुकाला आणि मागे मीनाबाई. आम्ही कोल्हापुरातल्या लक्ष्मीपुरीच्या बाजाराला जायचो, दवाखान्यात जायचो, बुद्धविहारात जायचो. एकदा बाजारात थाओने गवती चहाची मोठी जुडी घेतली आणि घरी जाऊन माशाच्या कालवणात घातली. अंगणात उभ्या उभ्या मला मीनाबाईंचा आवाज ऐकू आला, “चहाची पात कालवणात घालत्यात व्हय?” त्यानंतर भुरके मारल्याचा आवाज आला. मग, “वाढ आणि थोडं.”

थाओ सासूला ‘आत्ती’ म्हणायची, आणि स्वतःच्या आईला ‘मे’. त्यांच्या भाषेत मे म्हणजे आई. घरात टीव्हीचा गोंगाट असायचा, म्हणून ती संध्याकाळी माझ्या सीटवर बसून आईला फोन करायची. मला त्यातला एक शब्द कळत नसे, पण ती हसायची ते कळायचं.

मग एका उन्हाळ्यात ते हसणं बंद झालं. मे आजारी पडली होती. छातीचं दुखणं होतं आणि ते वाढत चाललं होतं. थाओने जायचं ठरवलं. नेमक्या त्याच वेळी मीनाबाईंच्या पित्ताशयात खडे निघाले. ऑपरेशनला त्या तयारच नव्हत्या. घरातल्या सगळ्यांनी पुन्हापुन्हा समजावल्यावर एकदाच्या त्या कशाबशा राजी झाल्या.

प्रसेनजीत माझ्याजवळ उभा राहून थाओला हळू आवाजात म्हणाला, “तुझ्या आईचं माझ्या आईला आत्ता सांगू नको. कळलं तर ती ऑपरेशनला जाणार न्हाय. एवढं होऊ दे, मग लगेच तिकीट काढतो.”

तो वाईट माणूस नव्हता, मित्रांनो. त्याला खरंच वाटलं होतं की तेवढा वेळ आहे. थाओ माझ्या आरशावरची धूळ बोटाने पुसत राहिली. मग म्हणाली, “बरं.”

ऑपरेशन नीट झालं. थाओ सकाळ-संध्याकाळ मला घेऊन कोल्हापूरला डबा पोचवायची. एका सकाळी वाटेत उचगावच्या अलीकडे तिचा फोन वाजला. तिने मला एका रसवंतीपाशी थांबवलं. फोन कानाला लावला आणि ती तशीच खाली मातीत बसली.

रसवंतीवाल्या बनाबाई धावत आल्या. “काय झालं बाई? कोण गेलं?”

थाओला एवढं मराठी येत असूनही त्या वेळी एक शब्द आठवला नाही. ती आपल्या भाषेत बोलत राहिली, रडत राहिली. बनाबाईंनी तिचा हात दोन्ही हातांत धरला आणि “व्हय बाई, व्हय,” म्हणत सगळं ऐकून घेतलं. मग तिला तोंड धुवायला पाणी दिलं.

मला वाटलं, आता आम्ही घरी परत जाणार. पण डब्यातली पेज निवत होती. थाओने किल्ली फिरवली. दवाखान्याच्या पार्किंगमध्ये तिने माझ्या आरशात पाहून केस नीट केले, आणि हसून बघितलं. जमलं नाही. पुन्हा हसून बघितलं. थोडंसं जमल्यावर ती डबा घेऊन वर गेली.

मीनाबाई घरी आल्या. पुढे एका संध्याकाळी त्या भिंतीला धरून हळूहळू अंगणात आल्या, तर थाओ माझ्याशेजारी पायरीवर बसलेली. तिने कपाळाला पांढरी पट्टी बांधली होती. आई किंवा बाप गेल्यावर त्यांच्याकडे तशी बांधतात.

“डोकं दुखतंय व्हय ग?” मीनाबाईंनी विचारलं.

“नाही आत्ती,” थाओ म्हणाली. “माझी मे गेली.”

“कधी?”

“तुम्ही दवाखान्यात होता तेव्हा.”

मीनाबाई तिच्याशेजारी पायरीवर बसल्या. “आजारी हुती? आणि तू हितं माझ्यासाठी पेज करत बसलीस? मला का न्हाय सांगितलंस?”

“तुमचं ऑपरेशन...”

“अगं, खडं काय पळून जात हुतं? ऑपरेशन थांबलं असतं की! आई थांबती व्हय?” पोटावरचे टाके धरून त्या रडू लागल्या. थाओच त्यांना म्हणाली, “हळू आत्ती. टाके ओढतील.”

प्रसेनजीत कामावरून आला तेव्हा दोघी तशाच बसलेल्या होत्या. मीनाबाई त्याला एवढंच म्हणाल्या, “चूक झाली आपली, बाळा. लई मोठी झाली.” तो हेल्मेट खाली ठेवून त्यांच्याशेजारी पायरीवर बसला.

पुढच्या रविवारी मीनाबाईंनी विहारात थाओच्या आईसाठी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठेवला. मी बाहेर उभी होते. वस्तीतल्या बायका पांढऱ्या साड्या नेसून आल्या. मे कशी होती हे त्यांतल्या कुणीही पाहिलं नव्हतं. प्रसेनजीतने फोनमधला तिचा फोटो मोठा करून आणला होता, त्याला फुलं वाहिली. त्रिशरण सुरू झालं तेव्हा बायकांच्या आवाजात थाओचा आवाज मिसळला. त्रिशरण तिच्या माहेरीही म्हणत; शब्द तिच्या देशातले होते, पण ती त्यांच्याबरोबरच सुरू करायची आणि त्यांच्याबरोबरच थांबायची.

घरी आल्यावर मीनाबाई म्हणाल्या, “आता बापाला तरी जाऊन गाठ. माझं काय बगू नको.”

थाओ गेली. जाताना किल्ली आत्तींच्या हातात देऊन गेली. तिकडे तिचे वडील एकटे होते, थकलेले, त्यांना सोडून निघणं तिला जमेना. काही महिन्यांनी प्रसेनजीतला तिकडेच काम मिळालं आणि तोही गेला. त्याने आईलाही चल म्हटलं. पण विहार, वस्ती आणि घर सोडून मीनाबाई कुठे जायला तयार नव्हत्या.

मग अंगणात आम्ही दोघीच उरलो.

मीनाबाई मला रोज सकाळी पुसायच्या. जुनी साडी पांघरून ठेवायच्या. गाडी मधूनमधून सुरू करावी लागते हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि मला सांगता येत नव्हतं. माझी बॅटरी उतरली. चाकं बसली. उंदराने सीट कुरतडली. शेजारच्या सयाजीने एकदा विचारलं, “मामी, गाडी इकता का?” त्या त्याच्यावर उखडल्या, “सून आल्यावर काय पायी हिंडंल व्हय?” आणि स्वतः मात्र दळणाचा डबा कमरेवर घेऊन चालत गिरणीला जात राहिल्या. फोनवर थाओने विचारलं की सांगायच्या, “गाडी बरी हाय. मी बी बरी हाय.”

एक दिवस फोनवर थाओ म्हणाली, “आत्ती, गाडी उभी राहून मरते. सोनमला द्या. तिला पाहिजे.”

सोनम ही मीनाबाईंच्या भावाची सून, कुरुंदवाडला राहणारी. थाओ हे माझ्या काळजीने बोलली. पण सुनेला आता इथे गाडी लागणार नाही, हे मीनाबाईंना त्या एका वाक्यात कळलं. “देतो की,” त्या म्हणाल्या. “देतो.” फोन बंद झाल्यावर त्यांनी माझ्यावरची साडी काढली आणि मागच्या सीटवर बसल्या. पुढे कुणी नव्हतं. हात कुठे ठेवावा हे त्यांना कळेना. शेवटी त्यांनी तो आपल्याच मांडीवर ठेवला.

गावातला मेकॅनिक बाळासो आला. त्याने नवी बॅटरी घातली, टाकीतलं जुनं पेट्रोल काढलं, वायरी जोडल्या. खूप खोकून मी सुरू झाले. दुसऱ्या दिवशी सोनम मला न्यायला आली. तिचं माहेर दूर शाहूवाडीच्या डोंगरात आहे, तिथे तिची आई एकटी असते.

किल्ली देताना मीनाबाई तिला म्हणाल्या, “एकच सांगतो. टाकी कधी रिकामी ठिवू नको. आईचा निरोप आला की चुलीवरचं चुलीवर ठिवून निघायचं. सासू आजारी हाय म्हणून थांबायचं न्हाय. माझ्यासारखी सासू असली तरी थांबायचं न्हाय.”

सोनम त्यांच्या पाया पडली. आम्ही वळलो तेव्हा मी आरशात पाहिलं. मीनाबाई दारात थांबल्या नव्हत्या. मी उभी असायचे तिथे जमिनीवर तेलाचा काळा डाग पडला होता. त्या खाली बसून तो राखेने घासत होत्या.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या गाडीला नुसतं पुसून ठेवू नका, तिला रोज थोडं तरी चालवा. आणि लांब राहणारं आपलं माणूस फोनवर ‘मी बरी हाय’ म्हणालं, तर तेवढ्यावर विश्वास ठेवू नका. एकदा जाऊन बघा.