ताटावरचं नाव

मित्रांनो, मी एक जुनं स्टीलचं ताट आहे. ताटाला कसली आली जीवनकहाणी, असं म्हणू नका. माणसांची सुखदुःखं आम्ही रोज दोन वेळा अगदी जवळून बघतो.

माझा जन्म कारखान्यातला, पण मला नाव मिळालं ते नागपूरच्या इतवारी बाजारात. खुशीच्या पहिल्या वाढदिवसाला तिच्या बाबांनी, प्रशिकने, मला विकत घेतलं आणि माझ्या काठावर कोरून घेतलं: 'खुशी प्रशिक मेश्राम'. खुशी चमच्याने मला बडवायची आणि सगळं घर हसायचं. पुढे तिच्या आईबाबांचं पटेनासं झालं. भांड्याला भांडं लागतंच म्हणतात, पण तिथे मनंच फुटली. घटस्फोट झाला. माया, म्हणजे खुशीची आई, लेकीला आणि मला घेऊन माहेरी आली. प्रशिक सुरुवातीला भेटायला यायचा, मग येईनासा झाला. खुशी मात्र जेवताना त्याच्या नावावरून बोट फिरवायची.

काही वर्षांनी मायाने धम्मानंदशी लग्न केलं. तो हिंगण्याला कारखान्यात कामाला, स्वभावाने अगदी गरीब. खुशी त्याला काका म्हणायची, त्याच्या शेजारी बसून जेवायलाही लागली होती. आपण तिचे बाबा व्हावं, एवढीच त्याला आस होती. म्हणून तिच्या दहाव्या वाढदिवसाआधी तो मला गुपचूप इतवारीत घेऊन गेला. तिथल्या दुकानात मशीनवर घासून जुनं नाव काढलं आणि नवं कोरून घेतलं: 'खुशी धम्मानंद गजभिये'.

वाढदिवसाला त्याने मला हौसेने तिच्यापुढे मांडलं. तिने काठावर बोट फिरवलं आणि ती थिजलीच.

"माझ्या बाबाचं नाव काहून मिटवलं?"

"तुले बरं वाटंल म्हणून केलं वं बेटा..."

"अहो, निदान मले तं विचारायचं होतं!" माया रडवेली झाली.

खुशी उपाशीच उठली. धम्मानंद मला हातात धरून नुसता बसून राहिला. मला दोघांचंही फार वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी तो मला घेऊन पुन्हा त्या दुकानात गेला, पण घासलेलं नाव परत कुठून येणार? शेवटी त्याने एक नवं ताट घेतलं.

"नाव काय टाकू गा?" दुकानदाराने विचारलं.

"राहू द्या," तो म्हणाला.

खुशी आता त्या बिननावाच्या ताटात जेवते, आईच्या पलीकडे बसून. त्याला काका म्हणायचंही तिने सोडलं आहे. माझ्याकडे उरलं आहे ते कणीक झाकायचं काम.

मित्रांनो, घरं मोडतात, पुन्हा मांडलीही जातात. त्यात वाईट काही नाही. पण नव्या नात्याच्या घाईत लेकराच्या मनातलं जुनं नाव खोडू नका. माझ्या काठावर दोन्ही नावं मावली असती.