लाल कोट, निळा कोट

कोटाची कॉलर ठमीच्या पायांपासून वीतभर लांब होती, आणि त्या वीतभर जागेकडे तिची आजी, म्हणजे बाई, केव्हाच्या बघत होत्या. लाल कोट, आतलं करडं अस्तर वर करून फरशीवर पसरलेला, दोन्ही बाह्या अंगापासून दूर टाकून उताणा झोपलेल्या माणसासारखा. कॉलर पायांशी घ्यायची, वाकायचं, हात बाह्यांत घालायचे आणि अख्खा कोट डोक्यावरून मागे टाकायचा… दोन वर्षांच्या माणसाला कोट घालता येतो तो असाच. ठमी त्याच्याभोवती फिरत होती. एक फेरी झाली. दुसरी झाली. कॉलरपाशी आली, थांबली, आणि बटणाला बोट लावून पुढे निघाली.

बाईंचे हात पाठीमागे होते. उजवं मनगट दहा दिवसांपूर्वीच प्लॅस्टरमधून निघालं होतं, बारीक, पांढुरकं, दुसऱ्याच कुणाचं असावं तसं. डाव्या हाताने त्यांनी ते धरून ठेवलं होतं. पाळणाघरातल्या रांगत्या-चालत्या मुलांच्या खोलीत एकतीस वर्षं त्यांनी हेच केलं. मदत करावीशी वाटली की हात पाठीमागे, आणि मनात वीसपर्यंत आकडे. नव्याने लागलेल्या मुली हसायच्या.

"बाई, आम्हाला काय शिक्षा केलीये का?"

"हातांना केलीये. तोंडाला नाही, पण तेही बंद ठेवलंत तर बरं."

आणि मग चौदा-पंधरापर्यंत काहीतरी व्हायचंच. मोज्यात अडकलेली टाच एकदम सरकायची, पेल्यातलं पाणी न सांडता टेबलावर पोचायचं… आणि तो चेहरा! शाबासकीसाठी आपल्याकडे वळलेला नव्हे; स्वतःच्या पायाकडे बघणारा, हा पाय माझाच का, असा. त्या चेहऱ्यासाठी, बाईंना वाटलं, मी एकतीस वर्षं सकाळी सातची बस पकडली. दुसरं काही कारण कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं.

आता सोमवारपासून ठमी पाळणाघरात जाणार होती आणि लेकीकडे राहायला आलेल्या बाई रविवारी आपल्या घरी. पाळणाघरात अठरा मुलं, दोन ताया. कोट घालता येणारी मुलं अंगणात पळतात, न येणारी भिंतीशी उभी राहतात, हे बाईंना पाठ होतं. ठमीने भिंतीशी उभं राहू नये, एवढंच या आठवड्यात साधायचं होतं.

"आई, घाल ना गं तिला तो कोट. पावणेआठ झाले, माझी बस जाईल." लेक स्वयंपाकघरातून म्हणाली.

"थांब. जमतंय तिला."

"काय जमतंय? नुसती गोल गोल फिरतेय."

"बघून घेतेय."

"थांब, थांब. मी जन्मले तेव्हाही तू डॉक्टरांना थांबाच म्हणाली असशील."

बाई हसल्या. लेकही हसली. मग डब्याचं झाकण लावता लावता, वर न बघता ती म्हणाली, "बाकीच्यांना वीस असायचे. मला चाळीस."

झाकण लागलं नाही. तिने काढून पुन्हा लावलं.

"तुला कसं ठाऊक?"

"तुझे ओठ हलायचे. इतरांच्या वेळी थांबायचे. माझ्या वेळी चालूच."

म्हणजे आपण मनात मोजत नव्हतो… इतकी वर्षं वाटत होतं, की मनात. आणि चाळीस का, तर दारात उभ्या असलेल्या बाकीच्या मुलांच्या आया. बाईंची मुलगी म्हणून तिचे लाड, असं कुणी म्हणायला नको. त्या खोलीच्या दाराचा एक नियमही त्यांनी केला होता. दाराबाहेर आई, दाराआत बाई. अडीच वर्षांच्या पोरीने तो दोन दिवसांत उचलला.

लेकीचा तेव्हाचा कोट निळा होता. एका सकाळी ती कॉलरऐवजी खालच्या काठापाशी उभी राहिली. तिथून हात घातले की कोट डोक्यावर उलटा चढतो आणि अडकतो, दोन्ही हात वर आणि चेहरा आत. ती जागच्या जागी वळत होती, निळ्या कोटाचं एक बुजगावणं. बाकीची मुलं अंगणात गेलेली. मी मोजत होते. एकतीस… बत्तीस… आणि कोटाच्या आतून, न रडता, अगदी अदबीने आवाज आला, "बाई."

मी चाळीस पुरे केले.

आणि वर ही गोष्ट सगळ्यांना सांगितली! आतून कशी गोड "बाई" म्हणाली! तिच्या लग्नातही सांगितली. सगळे पोट धरून हसले. तीही हसली होती… तेव्हा मी तिच्याकडे नीट बघितलं होतं का?

"चूक झाली का गं माझी?"

"मी कुठे तसं म्हणतेय?" लेक डबा पिशवीत ठेवत बाहेर आली. "मला कोट घालता येतो. झोपेत घालीन."

तेवढ्यात ठमी थांबली. खालच्या काठापाशी. ठमी वाकली, हात बाह्यांत गेले, आणि लाल कोट वर उडून डोक्यावर उलटा अडकला. दोन मुठी बाह्यांबाहेर, चेहरा नाही. ती वळली. पुन्हा वळली. कोटाच्या आत फुसफुस श्वास.

पाच… सहा… बाईंची बोटं मनगटावरून सुटली. हात पुढे आले. एकतीस वर्षांत सहावर कधी सुटले नव्हते. आणि ते लाल कोटाकडे निघाले होते, की त्यामागच्या दुसऱ्या कुठल्या कोटाकडे, हे त्यांना सांगता आलं नसतं.

"आई. हात."

लेकीचा आवाज मोठा नव्हता. बाईंनी वळून बघितलं. पिशवी जमिनीवर होती. लेक दाराला टेकून उभी होती आणि तिचे दोन्ही हात पाठीमागे होते. केव्हा गेले ते तिलाही कळलं नसावं. तिची बस आता निघाली असणार. तिचे डोळे ठमीवर होते आणि ओठ हलत होते.

बाईंनी हात मागे घेतले. पण आकडे काही केल्या सापडेनात, म्हणून त्या लेकीच्या ओठांवरच मोजू लागल्या. चौदा… पंधरा… ठमीची एक मूठ बाहीत मागे सरकली. आतून हाक आली नाही. सतरा. तिने हाक मारली तर काय म्हणेल, आणि कुणाला… अठरा. बाईंच्याच गळ्याशी एक शब्द येऊन बसला होता, लहान, अदबशीर, अंधारातून आल्यासारखा.

विसावर लेकीचे ओठ क्षणभर मिटले. ते तसेच राहावेत, की त्यांनी पुढे एकवीस म्हणावं, यातलं आपल्याला काय हवंय, ते बाईंना कळेना… आणि त्या बघत राहिल्या.