दुसरी वाटी

ताईंना आडवं होऊन झोपता येत नव्हतं, त्याला वर्ष होत आलं होतं. पाठ टेकली की पोटातलं आंबट घशाशी यायचं, छातीत कुणी निखारा ठेवल्यासारखी आग व्हायची आणि ठसका लागून उठून बसावं लागायचं. शेवटी त्यांनी खिडकीशेजारच्या खुर्चीत उशा रचल्या, पायांखाली स्टूल घेतलं आणि तेच आपलं अंथरूण मानलं.

"मी तुझ्या बसची प्रवासी झाले बघ," त्या भावजयीला म्हणायच्या. "रात्रभर बसून प्रवास. उतरायचा स्टॉप तेवढा येत नाही."

भावजय शहर बस चालवायची. घरात तिला सगळे 'सारथी' म्हणायचे. नाव तिच्या नवऱ्यानं, म्हणजे ताईंच्या धाकट्या भावानं पाडलेलं. तो गेल्यावर ती बस आगाराजवळच्या दोन खोल्यांत राहायला गेली. सुट्टीच्या दिवशी मात्र न चुकता यायची. ताईंच्या उशांचे अभ्रे बदलायची, दोन-चार टोमणे मारायची, दोन-चार ऐकायची आणि जायची. मधला माणूस निघून गेला तरी दोघींनी आपापल्या हातातलं टोक सोडलं नव्हतं.

सर्जनबाईंकडे ताईंना तीच घेऊन गेली. तिथल्या खुर्च्या रुंद होत्या, त्यांना हात नव्हते.

"इथं बसलं की कसं माणसात आल्यासारखं वाटतं," ताई ऐसपैस टेकत म्हणाल्या. "तुझ्या बसमध्ये असल्या खुर्च्या का नाहीत गं?"

"माझ्या बसमध्ये लोक उभ्यानं येतात, ताई. तुम्ही बसायला जागा मागताय."

सर्जनबाईंनी दोघींना आत बोलावलं आणि आडवळण न घेता सांगितलं. "दुर्बिणीनं आतून पाहिलं. मागच्या वेळी आपण पोटाचा मोठा भाग काढून उरलेल्याची नळी केली होती. ती जराशी सैल झालीय, पण ठीक आहे. अन्ननलिका मात्र ॲसिडनं पोळलीय. रक्तातली साखर परत वाढलीय, वजनही बरंचसं परत आलंय. औषधं देऊन पाहिली, गुण नाही. माझं मत विचाराल तर दुसरं ऑपरेशन करावं. वरचा छोटा भाग तोडून थेट आतड्याला जोडायचा."

"म्हणजे वळणरस्ता," सारथी म्हणाली.

"अगदी तसंच." सर्जनबाई हसल्या, मग गंभीर झाल्या. "पण दुसऱ्या खेपेला आत सगळं एकमेकांना चिकटलेलं असतं. धोका पहिल्यापेक्षा जास्त. म्हणून म्हणते, तुम्हाला स्वतःला हवं असेल तरच."

ताई थोडा वेळ आपल्या हातांकडे बघत राहिल्या. नखांच्या कडांना गुलाबी मेण अडकलेलं होतं. मग त्यांनी विचारलं, "डॉक्टर, पहिल्या वेळी मी वर्षभर आधी आले असते तर?"

सर्जनबाईंना प्रश्न कळला. पहिल्या वेळी ताईंच्या शेजारी कोण बसलं होतं, हे त्या विसरल्या नव्हत्या.

"ते मला सांगता येणार नाही," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "कुणालाच येणार नाही."

ती हकिकत अशी. धाकटा दुकानांच्या पाट्या रंगवायचा. शिडीवर उभा राहून अक्षरं काढता काढता देवाची गाणी म्हणायचा, आणि खाली रस्त्यानं जाणारी माणसं पाटीपेक्षा गाणंच ऐकत थांबायची. त्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. बायकोची जुळली नाही. ताईंची जुळली, अगदी हुबेहूब जुळली. पण डॉक्टरांनी ताईंकडे नीट पाहिलं आणि सांगितलं की एवढ्या वजनाच्या माणसाची किडनी काढणं धोक्याचं आहे, आधी वजन उतरवा. ताई लहानपणापासून जाड. धाकटा त्यांना 'ढोली'च म्हणायचा, आणि जगात ते म्हणायचा हक्क त्याला एकट्याला होता. उपास, चालणं, काढे, सगळं करून झालं. त्यातच बराच काळ गेला. अखेर त्यांनी पोट कापून घेतलं.

"ढोले, माझ्यासाठी नको करूस," तो म्हणाला होता. "करायचंच तर स्वतःसाठी कर."

"गप रे. तुझ्यासाठीच करणार. स्वतःसाठी मी जिनासुद्धा चढत नाही."

आणि मग देवानं त्या घराला काही महिने असे दिले, की आठवले तरी ताईंचे डोळे भरायचे. सारथी दिवसपाळीला जायची. दुपारी ताई कामावरून घरी यायच्या. त्यांचं काम कवळ्या करायचं. दातांच्या डॉक्टरांकडून रुग्णांच्या हिरड्यांचे ठसे यायचे, त्यांत प्लास्टर ओतून साचा करायचा, गुलाबी मेणावर एकेक दात बसवायचा आणि वरचा-खालचा चावा जुळतोय का ते पुन्हा पुन्हा पाहायचं. सकाळभर दुसऱ्यांच्या चावण्याची सोय करून त्या घरी यायच्या, आणि बहीणभाऊ समोरासमोर जेवायला बसायचे. तिला अन्न मोजून, त्याला पाणी मोजून. तिची एक वाटी, त्याची एक वाटी, दोन्ही सारख्या. त्याला मीठ बंद. भाजीतले क्षार जावेत म्हणून ती दोनदा उकडून पाणी फेकून द्यायचं आणि मग त्याला वाढायची.

"या घरात पाहुणा आला तर उपाशी मरेल," तो म्हणायचा. "ढोले, तू अशी वाळत गेलीस तर तुला आता हाक कशी मारू? नवीन नाव शोधायला हवं."

"आधी माझी किडनी घे. मग नाव शोध."

"घेईन की. वर गेल्यावर देव विचारेल, खालून काय आणलंस? म्हणेन, ढोलीचा एक तुकडा आणलाय."

जेवणाआधी दोघं डोळे मिटून देवाचं नाव घ्यायचे. त्यानं चाल लावायची, हिनं मागून म्हणायचं.

ताईंचं वजन हवं तेवढं उतरलं. तपासण्या झाल्या, तारीख ठरली. आणि तारीख आठवड्यावर आली असताना धाकट्याच्या रक्तात जंतू शिरले. ताप चढला तो उतरलाच नाही. किडनी ताईंच्या पोटात तशीच राहिली, धडधाकट.

सर्जनबाईंच्या शेजारच्या खोलीत आहारतज्ज्ञ मुलगी बसायची. तिनं सगळ्यांना विचारते तेच ताईंनाही विचारलं. "एका वेळी किती खाता?"

"एक वाटी. छोटी. तुम्हीच सांगितलं होतं, तेवढीच."

"आणि दिवसातून किती वेळा?"

"तीनदा."

मुलीनं आकड्यांकडे पाहिलं आणि मान हलवली. "ताई, तेवढ्यावर वजन परत येत नाही. मध्ये काही?"

ताईंनी पदर सावरला. मग म्हणाल्या, "एक वाटी झाली की थोड्या वेळानं दुसरी."

"दर वेळी?"

"दर वेळी."

"भूक लागते म्हणून?"

"नाही. भूक नाही लागत."

"मग दुसरी कशाला?"

ताई खिडकीबाहेर पाहू लागल्या. मुलगी समजूतदार होती, तिनं ताणलं नाही. एवढंच म्हणाली, "ऑपरेशननं जळजळ थांबेल. पण दुसरी वाटी सर्जनबाईंना कापून काढता येणार नाही. ती तुम्हालाच सोडावी लागेल. नाहीतर पुन्हा इथंच येऊ."

बाहेर पडल्यावर दोघी बसथांब्यावर थांबल्या. बस समोरून आली, ड्रायव्हरनं सारथीला ओळखून हात केला, आणि सारथीनं त्याला 'जा' अशी खूण केली.

"आता स्पष्ट बोला," ती म्हणाली. "करायचं ऑपरेशन की नाही?"

"पहिलं त्याच्यासाठी केलं. हे कुणासाठी करू?"

"झोपायला करा! माणसासारखं आडवं होऊन झोपायला. आणखी काय कारण लागतं?"

"एवढ्यासाठी पोट फाडून घ्यायचं? आणि मेले तर?"

"आणि नाही केलं तर? त्या खुर्चीत बसून बसून काय होणार आहे?"

"माझं हेच व्हायचं होतं," ताई म्हणाल्या. "मी मुळात बारीक असते तर त्याला तेव्हाच किडनी मिळाली असती. हे अंग त्याच्या आड आलं, सारथी. या मांसानं माझा भाऊ खाल्ला."

सारथीचा तोल गेला. दिवसभर गर्दीशी हुज्जत घालणारी बाई, तिच्या तोंडाला धार होती. "आणि म्हणून तुम्ही तेच मांस परत वाढवलंत? वा! निदान तुमची किडनी जुळली तरी होती. माझी तर बघितली आणि बाजूला ठेवली. मी त्याची बायको, आणि माझ्यातलं काही त्याच्या उपयोगी नव्हतं. मी कुणाकडे जाऊन रडू? दिवसभर बस चालवत होते, शेवटी त्याच्याजवळ जेवायला बसायचं नशीबही तुमचं. आणि आता तुम्ही दोन-दोन वाट्या..."

ती थांबली. बोललेलं परत घेता आलं असतं तर तिनं घेतलं असतं.

पुढची बस आली, दोघी चढल्या. ताईंना दोन सीटची जागा लागली, म्हणून सारथी दांडा धरून उभी राहिली. तिला हे नवं होतं. ड्रायव्हर झाल्यापासून तिनं कधी बसमध्ये उभ्यानं प्रवास केला नव्हता.

घरी आल्यावर ताई चेहऱ्यावर पाणी मारायला आत गेल्या. सारथीच्या पोटात सकाळपासून काही नव्हतं. भांडून भूक आणखी लागली होती. शेगडीवर दोन छोटी पातेली झाकून ठेवलेली होती, शेजारी दोन सारख्या वाट्या पालथ्या. मोठ्या मनाच्या बाईकडे भांडून आलेल्या माणसालाही जेवायला विचारायची गरज नसते. सारथीनं एक वाटी सुलटी केली, मागच्या पातेल्यातला मऊ भात आणि भाजी त्यात काढली आणि ओट्याला टेकून उभ्यानंच खायला लागली.

पहिल्या घासाला तिचा हात थांबला. तिनं दुसरा घास घेतला. मग पुढच्या पातेल्यातलं चमच्याच्या टोकावर घेऊन चाखलं. ते नेहमीसारखं होतं.

"ताई," तिनं हाक मारली. "या मागच्या पातेल्यात मीठ विसरलात."

ताई पदराला तोंड पुसत दारात आल्या. सारथीच्या हातातली वाटी त्यांनी पाहिली आणि त्यांचा चेहरा एकदम उघडा पडला, जणू कुणी त्यांच्या नकळत खोलीचं दार लोटलं होतं.

"विसरले नाही," त्या म्हणाल्या.

सारथीनं पातेल्यात पाहिलं. भाजी पांढुरकी, दोनदा उकडलेली. तिचा रंग त्या पाण्याबरोबर गेलेला.

"त्याला मीठ चालत नव्हतं," ताई म्हणाल्या.

बाहेर कुणाची तरी सायकल घंटी वाजवत गेली.

"रोज?" सारथीनं विचारलं.

"रोज. दोन वाट्या मांडल्याशिवाय मला जेवायला बसवत नाही. माझी खाऊन होते. मग त्याची समोर तशीच राहते. त्याच्या वाटचं मी टाकू कशी? देवाचं नाव घेऊन वाढलेलं असतं. मग थोडं थांबते, पोटात जागा होईपर्यंत. आणि खाते. एका वेळी एकच वाटी खाते, नेम मोडत नाही."

"असलं अळणी?"

"त्याचं आहे ना ते."

सारथी खाली बसली, जमिनीवरच, भिंतीला टेकून. वाटी तिच्या मांडीत होती. तिनं आजवर मनात धरलं होतं की दुःखात माणसं खातात, तशा ताई खातायत. तोंडाला बरं लागतं म्हणून खातायत. आणि इथं ही बाई चवीचा लवलेश नसलेलं अन्न, जळत्या छातीनं, एकेक घास खाली ढकलत होती. आपण बसथांब्यावर काय बोललो, ते तिला आठवलं. तिनं वाटीकडे पाहिलं आणि पुन्हा खायला लागली. डोळे वाहत होते, तसेच तिनं वाहू दिले.

"राहू दे गं," ताई म्हणाल्या. "तुला नाही जाणार ते."

"जाईल. मलाही कधी त्याच्याबरोबर दुपारचं जेवायला मिळालं नाही."

ताई हळूहळू, गुडघ्यांवर हात देत, तिच्यासमोरच्या पाटावर टेकल्या. सारथीनं हात लांब करून ओट्याखालची मिठाची बरणी काढली. झाकण उघडलं. चिमूट घेतली आणि वाटीवर तशीच धरून राहिली.

"ताई," ती म्हणाली. "घालू?"

ताईंचे ओठ हलले. त्या काही म्हणत होत्या की देवाचं नाव घेत होत्या, सारथीला कळलं नाही. चिमटीतले चार कण जमिनीवर पडले. इतक्या दिवसांत त्या वाटीला मीठ लागलं नव्हतं. लागलं की ती त्याची राहणार नव्हती, हे दोघींनाही कळत होतं.

"घाल," ताई म्हणाल्या. "तू जेवतेयस ना. अळणी कशाला खाशील?"

सारथीनं मीठ घातलं, कालवलं आणि एक घास घेतला.

"बरं लागतंय?" ताईंनी विचारलं.

"हो."

"हो ना?" ताईंचा आवाज फाटला. त्यांनी पदर तोंडात धरला आणि पाठ वाकवून रडत राहिल्या. वाकल्या की त्यांना ठसका लागायचा. तो लागला, आणि रडणं नि खोकणं एकमेकांत मिसळून गेलं. सारथी एका हातानं त्यांची पाठ चोळत राहिली. दुसऱ्या हातातली वाटी तिनं खाली ठेवली नाही.

मग ताई उठल्या. पुढच्या पातेल्यातलं आपलं वाढून घेतलं, डोळे मिटले, नाव घेतलं, पूर्वी तो लावायचा त्या चालीत. चाल जरा चुकली. सावकाश चावून त्यांनी वाटी संपवली. सवयीनं त्यांचा हात मागच्या पातेल्याकडे गेला. ते रिकामं होतं. सारथीनं उरलेलंही काढून घेतलं होतं.

हात तिथंच थोडा वेळ राहिला. मग ताईंनी तो आपल्या मांडीवर ठेवला.

"सर्जनबाईंना काय सांगायचं, कशासाठी करतेय म्हणून?" त्यांनी विचारलं.

"सांगा, झोपायचंय."

"एवढंच?"

"एवढंच."

जमिनीवरचे मिठाचे चार कण ताईंनी बोटानं टिपले. मग म्हणाल्या, "तू त्या दिवशी सुट्टी काढशील ना? मला एकटीला आत जायला भीती वाटते. मागच्या वेळी आत नेताना तो बरोबर होता. ढोले, लवकर ये, म्हणाला होता."

"काढेन," सारथी म्हणाली. तिला आणखी काही म्हणायचं होतं. ते नाव तिच्या तोंडापर्यंत आलंही. पण तो हक्क तिचा नव्हता. ती उठली, दोन्ही वाट्या घेतल्या आणि घासायला बसली.